दिनकर मास्तरांचं वाढतं माप

विट्यात आजसुद्धा एखादं पोर ढगळ चड्डी सावरत पळताना दिसलं, की ओट्यावरचं कुणीतरी म्हणतंच, "दिनकर मास्तरांची शिलाई वाटतं." मास्तरांनी दुकान बंद करून काही वर्षं झाली, एका उन्हाळ्यात तर ते पार जर्मनीला मुलाकडे जाऊन बसले, तरी नाव काही पुसलं गेलं नाही. माणसाचं नाव मागे कशानं राहील याचा नेम नसतो. कुणाचं देऊळ बांधून राहतं, मास्तरांचं चड्डीनं राहिलं.

दुकान होतं एस.टी. स्टँडच्या मागं. बारा महिने तेरा काळ एकच काम, शाळेचे गणवेश. मुलांना खाकी चड्डी नि पांढरा सदरा, मुलींना निळा पिनाफोर. मे महिना सरत आला की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. मास्तर कापड बेतायचे, बायको सरला काजं-बटणं करायची, आणि धाकटा गौरांग पाय हलवत बॉबिन भरत बसायचा. येणाऱ्या प्रत्येक आईबापाचं मागणं एकच. "मास्तर, वाढत्या अंगाचं शिवा बरं का."

मास्तरांना हे सांगावं लागायचंच नाही. ते टेप लावायचे तो आपला पोराच्या समाधानासाठी. कात्री चालायची ती पुढच्या वर्षीच्या पोरावर. खांद्याला दोन बोटं जास्त, लांबीला चार बोटं जास्त, आणि आत दुमडून ठेवलेलं कापड वेगळंच. पहिलीत पोर चड्डीत हरवायचं, तिसरीत सापडायचं, आणि चौथीत ती चड्डी धाकट्या भावाला जायची. पोरं कुरकुरायची. पण पोरांना विचारतंय कोण? कापडाला पैसे बापाचे, शाबासकी आईची.

मग तयार गणवेशांचे गठ्ठे यायला लागले आणि मास्तरांनी एक दिवस मशीनवर चादर घातली. गौरांग तोवर इंजिनियर होऊन जर्मनीत गेला होता, त्सुफेनहाउझेनला, गाड्यांच्या कारखान्यात. तो फोन करायचा, "बाबा, या आता. नातीला बघा." मास्तर म्हणायचे, येऊ. असं येऊ-येऊ करता करता नात मुक्ता आठ वर्षांची झाली, तेव्हा कुठे दोघं नवराबायको विमानात बसले.

गौरांगचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि बाल्कनीसमोरच मुक्ताची शाळा. मास्तरांना यापेक्षा चांगली खुर्ची कुठे मिळणार? पहिल्याच दिवशी चहाचा कप घेऊन बसले आणि दोन मिनिटांत घाईघाईनं आत आले.

"अगं वैभवी, शाळेला आज सुट्टी आहे का?"

"नाही बाबा. का हो?"

"मग ही पोरं घरच्या कपड्यात कशी? एक लाल, एक हिरवं. एक तर झोपेतून उठून आल्यासारखं आलंय."

सुनेनं हसू दाबलं. "इथे गणवेश नसतो बाबा."

"नसतो म्हणजे?" मास्तरांनी गौरांगकडं पाहिलं. त्यानं मान हलवली. मास्तर खाली बसले. एवढा शिकलेला देश, एवढ्या गाड्या बनवतो, आणि पोरांना गणवेश नाही!

सरला म्हणाली, "बरं झालं. नाहीतर इथंही मशीन मांडली असती तुम्ही."

पुढं महिन्याभरात एक सकाळ अशी आली की मास्तर बाल्कनीतूनच ओरडले, "आला, आला! गणवेश आला!" खाली खरंच सगळी पोरं पांढरा सदरा घालून चालली होती, एकसारखी. मास्तरांचा ऊर भरून आला. गौरांगनं येऊन खाली पाहिलं नि कपाळाला हात लावला. "बाबा, फुटबॉलच्या वर्ल्डकपचे आहेत ते. काल जर्मनी जिंकली ना." मास्तर थोडे खजील झाले, पण म्हणाले, "असू दे. सदरे चांगले आहेत. बाह्यांत जरा कमी पडलेत."

मुक्ता मोठी गोड पोर. पण तिची एक गंमत होती. मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजोबा विचारणार, "जेवलीस का गं?" ती म्हणणार, "या," म्हणजे हो. आजोबा विचारणार, "काय शिकवलं आज?" ती पाच मिनिटं जर्मनमध्ये काहीतरी सांगणार, हातवारे करून, आणि मास्तर माना डोलवणार. सरला विचारायची, "काय म्हणाली?" मास्तर म्हणायचे, "चांगलं चाललंय म्हणाली."

एकदा सरला उशीचे अभ्रे शोधत होती. तिनं मुक्ताच्या कपाटाचा खालचा खण ओढला आणि तशीच उभी राहिली. खणात फ्रॉक होते. दर दिवाळीला मास्तरांनी नातीसाठी शिवून पाठवलेले. पोलक्याच्या खणाचा, फुलाफुलांचा, झालरीचा. घड्या विट्यात घातलेल्या, तशाच. एकही मोडलेली नव्हती.

मास्तर मागंच होते. त्यांनीही पाहिलं.

वैभवी धावत आली. गोरीमोरी झाली बिचारी. "अहो बाबा, खरं सांगू का... आले की मोठे होतात तिला. म्हणून ठेवते, पुढच्या वर्षी होईल म्हणून. आणि मग पुढच्या वर्षी थंडी असते, नाहीतर नवा आलेला असतो, नाहीतर राहूनच जातं. आणि मग एकदम लहानच होतो."

"असू दे गं," मास्तर म्हणाले. "वापरायच्या वस्तू, राहतात कधीकधी."

म्हणाले खरं, पण त्या दिवशी चहा कपातच निवला. आख्ख्या तालुक्याच्या पोरांना आपण कपडे घातले आणि आपल्या नातीच्या अंगावर आपली एक टीप नाही, हे त्यांच्या जिवाला लागलं. सरलाला ते म्हणाले, "परत जायच्या आत एकदा तरी तिनं माझ्या हातचं काहीतरी घालावं. हौसेनं. आईनं सांगितलं म्हणून नव्हे."

सरला म्हणाली, "मग मापात शिवा."

आता योग बघा कसा येतो. मुक्ताच्या वर्गाच्या बाई होत्या, फ्राउ आयझेले. त्यांच्या आजोबांची बहीण लहानपणी आईबापांबरोबर बोटीनं अमेरिकेला गेली होती. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. तिच्या तिथल्या शाळेचा एक फोटो बाईंच्या घरात होता. लाकडी शाळा, पुढं पायऱ्या, पायऱ्यांवर सगळी पोरं. शाळेच्या उन्हाळी मेळ्यात बाईंनी त्याच फोटोवर छोटंसं नाटक बसवायचं ठरवलं. परदेशातून आलेली नवी मुलगी, तिला भाषा येत नाही, पहिला दिवस, वगैरे. ती नवी मुलगी झाली मुक्ता. आणि प्रश्न आला कपड्यांचा. आयांच्या व्हॉट्सॲपवर चर्चा सुरू झाली, भाड्यानं आणायचे का, विकत घ्यायचे का, आणि वैभवीनं पटकन लिहून टाकलं, "माझे सासरे शिंपी आहेत. जन्मभर शाळेचेच कपडे शिवलेत."

फोटो घरी आला तेव्हा मास्तरांनी हात धुऊन तो धरला. कितीतरी वेळ बघत राहिले. मुलींना पोटरीपर्यंत फ्रॉक, लांब बाह्यांचे, आणि वरून पांढरा स्वच्छ बिनबाह्यांचा झगा, फ्रॉक मळू नये म्हणून. पायात काळे लांब मोजे. डोक्याला भोपळ्याएवढा रिबिनीचा बो. मुलांना गुडघ्याखाली पट्ट्यानं आवळलेली फुगीर विजार. दोघांतिघांना पाठीवर चौकोनी पडणारी खलाशाची कॉलर. एकाच्या अंगात मोठ्या भावाचा कोट, बाह्या दुमडलेल्या. आणि कडेला दोन पोरं चक्क अनवाणी.

"काय गं," मास्तर सरलाला म्हणाले, "ही अमेरिका म्हणायची का आपली जीवन शिक्षण शाळा?"

खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी तळघरातलं जुनं मशीन दिलं. तिथल्या प्रत्येक बिऱ्हाडाला तळघरात एक कोठी असते, तिला केलर म्हणतात, आणि माणसं तिथं टाकून न देण्यासारखं सगळं ठेवतात. मास्तरांना ही पद्धत फार आवडली. मशीनला तेल दिलं, पट्टा चढवला, आणि ते विट्यातल्यासारखंच खडखडायला लागलं. कापड म्हणून जुन्या बाजारातल्या चादरी आणल्या, पांढऱ्या नि निळ्या चौकड्यांच्या. मुलांच्या विजारींसाठी बापांच्या जुन्या पँटी आल्या. खुद्द अमेरिकेतही तेव्हा असंच करत असणार, फोटोत दिसत होतंच ते.

मुक्ता मापाला उभी राहिली. राहिली आणि बोट वर करून म्हणाली, "आजोबा. निश्ट त्सू ग्रोस." मग आजोबांना कळलं नसेल असं वाटून तिनं जीभ जरा वळवली. "मोठा नको."

आख्खं वाक्य मराठीत! मास्तर विरघळले. "नाही गं बाई. अगदी मापात. बोटभर इकडं नाही, बोटभर तिकडं नाही."

आणि शप्पथ सांगायची तर त्यांच्या मनात तसंच होतं. माप बरोबर घेतलं. खडूनं रेघ बरोबर मारली. पण कात्री हातात आली की हात कुणाचा ऐकतो? जन्मभर जो हात रेघेच्या बाहेरून चालला, तो आता रेघेवरून चालेल? मास्तर गुणगुणत होते, कात्री आपली चार बोटं बाहेरून सरसरत होती. मुक्ताचा फ्रॉक, बाकीच्या मुलींचे झगे, मुलांच्या विजारी, सगळे एकाच वाटेनं गेले.

मेळा शनिवारी होता. बुधवारी शाळा सुटल्यावर फ्राउ आयझेले सगळ्या पोरांना घेऊन घरी आल्या, कपडे घालून बघायला. वैभवीनं केक केला होता. पोरं आतल्या खोलीत गेली आणि कपडे घालून एकेक करून बाहेर आली.

पहिला आला तो लाल केसांचा मुलगा, दोन्ही हातांनी विजार धरून. पट्टे गुडघ्याखाली बसायचे, ते घोट्यावर बसले होते. त्याच्या मागून एक मुलगी आली, तिचा झगा फरशी पुसत होता. तिसरीचे हातच दिसेनात. पोरांनी एकमेकांकडं पाहिलं आणि जी हसत सुटली, ती सोफ्यावर लोळायलाच लागली. लाल केसांच्यानं विजार सोडून दिली, ती घसरली, मग तर विचारूच नका.

फ्राउ आयझेले मोठ्या शिष्टाचाराच्या बाई. त्या "शोन, सेअर शोन" म्हणाल्या, म्हणजे छान, फार छान. पण त्यांचा चेहरा काही छान दिसत नव्हता.

शेवटी मुक्ता आली. निळ्या चौकड्यांचा फ्रॉक पावलांवर लोळत होता, खांदे उतरून दंडावर आले होते. ती हसली नाही. आरशात बघितलं. आत गेली, फ्रॉक काढला, व्यवस्थित चौघडी घातली, आणि कपाटाचा तो खालचा खण ओढून बाकीच्या फ्रॉकांवर ठेवून दिला. मग बाहेर आली आणि आजोबांकडं बघून, स्वच्छ मराठीत म्हणाली,

"पुढच्या वर्षी."

मास्तरांना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

पाहुणी पोरं केक खाऊन गेली. मास्तरांनी सगळे कपडे पुढं ओढले, कात्री उचलली आणि जमिनीवर मांडी घातली. "कापून टाकतो. सगळं जास्तीचं कापून टाकतो."

सरलानं वरून हात धरला. "ठेवा ती खाली. त्या कात्रीनंच आज दिवे लावलेत."

"अगं, पण मोठं झालंय!"

"मोठं झालंय म्हणजे कापड आहे. कमी पडलं असतं तर काय करणार होतात, रडणार? आधी चष्मा लावा नि हा फोटो बघा. मी कवापासून बघतेय. ह्या पुढच्या पोरीच्या घेराला ह्या आडव्या रेघा कसल्या? काठ म्हणावा तर काठ नाही."

गौरांग कामावरून नुकताच आला होता. त्यानं मोबाइलनं फोटोचा फोटो काढला आणि दोन बोटांनी मोठा केला. तिघांनी डोकी जवळ घेतली. पोरीच्या फ्रॉकला घेराभोवती आडव्या दुमडी होत्या, एकाखाली एक, प्रत्येकीवर टीप.

"टक!" मास्तर ओरडले. "अरे, टक घातलेत!"

टक म्हणजे काही मोठं शास्त्र नाही. कापड आडवं दुमडायचं, टीप मारायची, की फ्रॉक तेवढा वर येतो. पोर वाढली की एक टीप उसवायची, फ्रॉक तेवढा खाली. आपल्याकडं परकरांना घालायचेच की. दिनकर मास्तरांनीही घातले असतील कधीकाळी, पण दुकानाची घाई लागली तेव्हा टक घालत कोण बसतो? पोरानं ढगळ घालावं आणि मोठं व्हावं, संपलं काम.

"आणि हे बघ," मास्तरांनी बोटानं दाखवलं, "इथं खाली गडद पट्टा दिसतो का? एक टक सोडलाय इथला. आतलं कापड उन्हाला लागलेलं नाही, म्हणून गडद. त्या पोरीच्या आईनं त्याच वर्षी सोडला असणार. बाई हुशार. वाढतंही ठेवलं आणि पोरीला मापातही घातलं."

"बायका हुशारच असतात," सरला म्हणाली. "ते कळायला शंभर वर्षं लागतात एवढंच."

मग मास्तरांनी मुक्ताला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली, पुढं येईना. मास्तरांनी खणातून फ्रॉक काढला, तिच्या अंगात घातला, तिला स्टुलावर उभं केलं आणि स्वतः खाली बसले, तोंडात टाचण्या धरून. आणि मग त्यांनी एक गोष्ट केली, जी दुकानात बसून कधी केली नव्हती. आजवर मापाला उभ्या राहिलेल्या पोराच्या डोक्यावरून त्यांनी आईला विचारलं होतं, बापाला विचारलं होतं. त्यांनी टाचण्या काढल्या आणि पोरीला विचारलं.

"तू सांग. कुठपर्यंत पाहिजे?"

मुक्तानं खाली बघितलं. आजोबा चेष्टा करत नाहीत ना, हे बघितलं. मग वाकून पोटरीवर बोट टेकवलं. "हियर."

"हिथं?"

"नाइन," म्हणजे नाही. बोट केसभर वर सरकलं. "हियर."

"हिथं. ठरलं." मास्तरांनी तिथंच टाचणी लावली. एक बोट खाली नाही. सरलानं पुढची टाचणी स्वतःहून त्यांच्या हातात दिली.

त्यानंतर गुरुवार-शुक्रवार घराचं दुकान झालं. सरला धावदोरा घालत होती, वैभवी इस्त्री फिरवत होती, आणि गौरांग, एवढा मोठा इंजिनियर, पाय हलवत बॉबिन भरत होता. मुक्ता आधी लांबून बघत होती. मग जवळ आली. मग तिनं सुई मागितली. एका टकाचे कच्चे टाके तिनं घातले, वाकडेतिकडे, बेडूक उडी मारल्यासारखे. मास्तरांनी ते उसवले नाहीत, त्यांच्यावरूनच टीप मारली.

शनिवारी शाळेच्या अंगणात टेबलं मांडली होती. बटाट्याचं सॅलड, सॉसेज, केक, आणि वैभवीचे वडे, जे सगळ्यांत आधी संपले. नाटक सुरू झालं. पायऱ्यांवर पोरं बसली, फोटोतल्यासारखी. लाल केसांच्या मुलाची विजार गुडघ्याखाली पक्की होती, तरी सवय लागल्यासारखा तो हात लावून बघत होता. मग मुक्ता आली. निळ्या चौकड्यांचा फ्रॉक, वरून पांढरा झगा, डोक्याला तो भोपळ्याएवढा बो. नाटकातल्या बाईंनी नाव विचारलं आणि परदेशी मुलीनं आपल्या भाषेत उत्तर द्यायचं होतं.

मुक्ता म्हणाली, "माझं नाव मुक्ता. मला तुमची भाषा येत नाही. पण मला भूक लागली आहे."

ही शेवटची ओळ नाटकात नव्हती. कळली फक्त चौघांनाच, आणि चौघंही एवढ्या मोठ्यांदा हसले की बाकीचेही हसले.

नाटक संपल्यावर मास्तर बघतात तर मुक्ता आजीबाईंच्या एका टेबलापाशी उभी. फ्रॉकचा घेर हातात उचलून ती एकेक टक दाखवत होती, बोटानं मोजत, जर्मनमध्ये. वैभवीनं सासऱ्यांच्या कानाशी सांगितलं, "म्हणतेय, हा चौथीचा, हा पाचवीचा आणि हा सहावीचा. सगळे माझेच आहेत म्हणतेय."

त्या आजीबाया सगळ्या तिथल्याच, स्वाबिया प्रांतातल्या. म्हणजे दोरीचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवणाऱ्या. त्यांनी चष्मे लावून टक बघितले, टीप बघितली. तळघरातलं मशीन देणाऱ्या आजींनी घेर चिमटीत धरून मान हलवली. "गेनाऊ," त्या म्हणाल्या. अगदी बरोबर. आणि हातानं दाखवलं, मला असाच होता, लढाईनंतर, एवढीशी होते तेव्हा. मास्तरांना भाषा काय कळणार, पण त्यांनी हात जोडले.

सोमवार उजाडला. नाटक नव्हतं, मेळा नव्हता, साधी शाळा. मास्तर कप घेऊन बाल्कनीत बसले. खाली लाल-हिरवी पोरं चालली होती, आणि त्यांच्यात एक निळ्या चौकड्यांचा फ्रॉक, खाली स्पोर्टचे बूट, पाठीला ते तिकडचं पेटीएवढं दप्तर. रस्ता ओलांडून झाल्यावर तिनं वर बघून हात केला.

"अगं ए," मास्तर आत ओरडले, "ये लवकर! घातलाय तिनं!"

"मला काय सांगता," सरला आतून म्हणाली, "बटणं मीच लावून दिली. बोला मोठ्यानं, जर्मनीला ऐकू जायचं राहिलंय."

पुढच्या उन्हाळ्यात मास्तर विट्यात होते. व्हिडिओवर मुक्ता आली, ती उंच झालेली, फ्रॉक मात्र तोच. तिनं घेर कॅमेऱ्यासमोर धरला. खाली एक निळा पट्टा होता, बाकीच्या फ्रॉकपेक्षा गडद, कोरा करकरीत.

"आजोबा, एक सोडला."

"कुणी उसवला?"

"मी. सुईनं. कात्री नाही घेतली."

"शाबास. अजून किती राहिले?"

"दोन. पण मी हा पण सोडणार आहे. आईला म्हटलं, मी आता मोठी आहे."

"सावकाश गं बाई," मास्तर म्हणाले. "घाई काय आहे? राहू दे जरा लहान."

पाठीमागं पीठ चाळणारी सरला थांबली. "कोण बोलतंय हे?" ती म्हणाली. "गावातल्या पोरांना सांगा कुणीतरी."